अंगकोरची छोटी सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंबोडियातल्या सिएम रीप शहराला लागून अंगकोर आहे, म्हणजे ख्मेर राजांच्या जुन्या राजधानीतली देवळं. ती पाहायला चार-पाच दिवसांची सुट्टी काढून निघालेल्या मंडळींचे ठरावीक प्रश्न असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. दर, वेळा आणि व्हिसाचे नियम बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर एकदा नजर टाकाच.

किती दिवस पुरतात?

देवळांसाठी तीन पूर्ण दिवस. येण्याजाण्याचे धरून पाच. थायलंड किंवा व्हिएतनामच्या सहलीत 'एक दिवस अंगकोर' चिकटवणारी पॅकेजं मिळतात, पण त्यात पहाटे चारला उठून दुपारपर्यंत तीन-चार देवळांतून पळापळ होते आणि संध्याकाळी कोणतं दार कुठल्या देवळाचं होतं हेही आठवत नाही. एकच दिवस हातात असेल तर फक्त अंगकोर वाट आणि बायोन बघा, बाकीचं सोडून द्या.

सात दिवसांचा पासही मिळतो. पण पहिल्यांदा जाणाऱ्याला चौथ्या दिवशी दगडांचा कंटाळा येतो, असा साधारण अनुभव आहे.

तीन दिवस कसे वाटून घ्यायचे? टुकटुकवाले 'स्मॉल सर्किट', 'ग्रँड सर्किट' असं काहीतरी म्हणतात.

ही सर्किटं म्हणजे रस्त्याच्या सोयीने आखलेले फेरे. छोटा फेरा साधारण 17 किलोमीटरचा, मोठा 26 किलोमीटरचा. पेट्रोल वाचतं, पण इतिहासाची खिचडी होते. एका दुपारी दहाव्या शतकातलं देऊळ, मग तेराव्या शतकातलं, मग पुन्हा मागे. आमचा सल्ला वेगळा आहे: एक दिवस, एक राजा. अंतर थोडं वाढतं, टुकटुकवाल्याला दोन-चार डॉलर जास्त जातात, पण देवळं एकमेकांशी बोलायला लागतात.

पहिला दिवस राजेंद्रवर्मनच्या काळाला द्या. सकाळी लवकर निघून बांतेय स्रेई गाठा. हे देऊळ 967 सालचं. परत येताना पूर्व मेबोन (953) आणि दिवस मावळताना प्रे रूप (961 च्या सुमाराचं). तिन्ही देवळं जेमतेम पंधरा वर्षांच्या आत उभी राहिली. पूर्व मेबोनच्या कोपऱ्यांवरचे दगडी हत्ती अजून जागेवर आहेत. आज ते देऊळ शेतांच्या मधोमध दिसतं, पण मुळात ते एका प्रचंड तलावातलं बेट होतं. तलाव आटला, त्यामुळे होडीतून उतरण्याचे घाट आता कोरड्या जमिनीवर उतरतात.

दुसरा दिवस सूर्यवर्मन दुसरा, म्हणजे फक्त अंगकोर वाट. सकाळी एकदा, मग हॉटेलवर जाऊन जेवण आणि झोप, आणि दुपारी साडेतीनला पुन्हा. दोनदा का, ते पुढे सांगितलं आहे.

तिसरा दिवस जयवर्मन सातव्याचा. शेजारच्या (आजच्या व्हिएतनाममधल्या) चंपा राज्यातल्या चाम लोकांनी राजधानी लुटल्यानंतर 1181 मध्ये गादीवर आलेला हा बौद्ध राजा. बांधकामाची त्याला केवढी घाई होती, हे त्याची देवळं पाहताच कळतं. अंगकोर थॉम या त्याच्या तटबंदीच्या राजधानीचा दक्षिण दरवाजा, बायोन, ता प्रोम, प्रेह खान एवढं पुरे. बायोनच्या शेजारचं बाफुऑन हे अकराव्या शतकातलं शिवमंदिर त्या राजाचं नव्हे, पण वाटेतच आहे म्हणून डोकवा. जीर्णोद्धारासाठी ते उकलून त्याचे सुमारे तीन लाख दगड जंगलात मांडून ठेवले होते. मग यादवी पेटली, कुठला दगड कुठला याची कागदपत्रं ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीच्या काळात नष्ट झाली आणि नंतर आलेल्या लोकांना एकेक दगड हाताळून त्याची जागा शोधावी लागली. काम 2011 मध्ये पुरं झालं.

पास कुठे मिळतो, केवढ्याला?

एका दिवसाचा 37 डॉलर, तीन दिवसांचा 62, सात दिवसांचा 72. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कधीही वापरता येतो, सलग दिवस लागत नाहीत. मध्ये एक दिवस तोन्ले साप तळ्यावर किंवा नुसतं पोहण्याच्या तलावाकाठी काढायचा असेल तर ही सोय फार उपयोगी.

देवळाच्या दारात पास मिळत नाही. शहरातून देवळांकडे जाताना वाटेत स्वतंत्र तिकीटघर आहे, तिथे किंवा 'अंगकोर एंटरप्रायझ'च्या संकेतस्थळावरच घ्यायचा. त्यावर तुमचा फोटो छापलेला असतो, त्यामुळे हॉटेलात कोणी 'अर्धा वापरलेला पास स्वस्तात देतो' म्हणाला तर हसून पुढे चला. बारा वर्षांखालच्या मुलांना पास लागत नाही, पण वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा.

एक युक्ती सगळ्यांना माहीत नसते: संध्याकाळी पाचनंतर घेतलेला पास दुसऱ्या दिवसापासून मोजला जातो, पण त्या संध्याकाळी सूर्यास्त पाहायला आत सोडतात. म्हणजे पोचलात त्याच दिवशी तिकीटघर उरकून टाकायचं. प्रत्येक पासमधले दोन डॉलर तिथल्या कांथा बोफा या मुलांच्या मोफत रुग्णालयांना जातात.

व्हिसाचं काय?

भारतीय पासपोर्टवर पर्यटक ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, मुदत 30 दिवस, फी 30 डॉलरच्या आसपास. विमानतळावर उतरल्यावरही व्हिसा मिळतो, पण रांगेत उभं राहायचं आणि रोख डॉलर काढायचे, त्यापेक्षा ई-व्हिसा बरा. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी, दुप्पट पैसे उकळणारी दलालांची पानं बरीच आहेत, तेवढं जपा. शिवाय पोचण्याच्या आधीच्या सात दिवसांत ई-अरायव्हल हा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. तो फुकट आहे, त्याचे कोणी पैसे मागितले तर समजून जा. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने उरलेली हवी.

मुंबई-पुण्याहून कसं जायचं?

बँकॉक, सिंगापूर, क्वालालंपूर किंवा व्हिएतनाममधून विमान बदलून. बँकॉकमार्गे जाताना एक गोष्ट नीट पाहा. तिथे दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. स्वस्त तिकिटाच्या नादात एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं तिकीट निघालं, तर मध्ये शहराच्या रहदारीतून टॅक्सी करावी लागते आणि त्यासाठी थायलंडमध्ये रीतसर प्रवेश करावा लागतो. दोन्ही विमानांचं तिकीट एकाच पीएनआरवर असेल तर सामान थेट पुढे जातं आणि एक विमान उशिरा आलं तरी जबाबदारी कंपनीची राहते.

सिएम रीपचा नवा विमानतळ ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाला आणि शहरालगतचा जुना बंद झाला. जुन्या प्रवासवर्णनांत 'विमानतळावरून पंधरा मिनिटांत हॉटेल' असं वाचाल, ते आता विसरा. नवा विमानतळ चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर लांब आहे, तासभर लागतो. टॅक्सीला साधारण 35 डॉलर. एकटे-दुकटे असाल तर शटल बस परवडते.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा छान आणि गर्दीही तेवढीच. मार्च ते मे आपल्या विदर्भासारखं भाजतं, वर घामाच्या धारा. त्या दिवसांत दुपारी अकरा ते तीन दगडाच्या अंगणात उभं राहणं शिक्षा आहे. जून ते ऑक्टोबर पावसाळा, पण तिथला पाऊस बहुधा दुपारनंतर जोरात येऊन जातो, कोकणासारखी आठवडाभराची झड क्वचित. खंदक भरलेले, शेवाळ हिरवंगार, माणसं कमी, हॉटेलं स्वस्त. ज्यांना छत्री घेऊन फिरायला काही वाटत नाही त्यांनी ऑगस्ट-सप्टेंबरचा जरूर विचार करावा. फक्त ओल्या दगडी पायऱ्या फार निसरड्या होतात, चपला चांगल्या पकडीच्या घ्या.

पहाटेचा सूर्योदय चुकवू नये म्हणतात. खरं का?

चुकला तरी काही बिघडत नाही. अंगकोर वाट पहाटे पाचला उघडतं आणि डाव्या हाताच्या छोट्या तळ्याकाठी शेकडो माणसं मोबाइल वर धरून उभी असतात. देऊळ पश्चिमाभिमुख, त्यामुळे सूर्य त्याच्या पाठीमागून येतो आणि दिसते ती पाच शिखरांची काळी आकृती. सुंदर असते, नाही कशाला म्हणा. पण ढग असले तर तेही नाही.

सूर्योदयाची खरी किंमत नंतरच्या तासाभरात आहे. उजाडलं की बहुतेक गट न्याहारीला हॉटेलकडे परततात. तेव्हा तुम्ही उलटं करा, थेट आत शिरा. केळी आणि पाव पिशवीत ठेवा. आणि बाहेर पडताना पश्चिमेच्या गर्दीत परत न जाता पूर्वेच्या दाराने निघा. तिकडे झाडीतला कच्चा रस्ता आहे, टुकटुकवाल्याला आधी सांगून ठेवलं तर तो तिथे येऊन थांबतो.

मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र समान असतात त्या सुमारास, सूर्य बरोबर मधल्या शिखराच्या टोकावर उगवताना दिसतो. त्या पहाटे तोबा गर्दी असते.

अंगकोर वाटमध्ये नक्की बघायचं काय? आकार सोडून.

भिंती. बाहेरच्या ओवरीला चारी बाजूंनी लांबच लांब शिल्पपट आहेत आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी तुम्हाला आजीने सांगितलेल्या आहेत. युरोपातून आलेला प्रवासी पाटी वाचत असतो तेव्हा तुम्ही सरळ शिल्प वाचू शकता. हा फायदा फुकट घालवू नका.

सकाळी पूर्वेच्या ओवरीत जा, तेव्हा उजेड तिकडून येतो. तिथे समुद्रमंथन आहे, सुमारे 49 मीटर लांब. एकीकडे 92 असुर, दुसरीकडे 88 देव, मध्ये विष्णू, खाली कूर्म. लांबून सगळे सारखे दिसतात. जवळ जाऊन मधल्या भागाचा तळ पाहा: घुसळणीच्या वेगाने मासे आणि मगरी मधोमध चिरल्या गेल्या आहेत, कुणाचं नुसतं डोकं, कुणाचं शेपूट. मंथनाच्या जितके जवळ तितके तुकडे जास्त. कोरणाऱ्याने पाण्याच्या भोवऱ्याचा एवढा विचार केलेला आहे! आणि देवांच्या रांगेच्या टोकाला, वासुकीच्या शेपटीशी, एक धिप्पाड वानर उभा आहे. आपल्या गोष्टीत तो नाही. ख्मेर लोकांनी कथा घेतली ती आपल्या हिशेबाने, हे अशा ठिकाणी लक्षात येतं.

दुपारी पश्चिमेची ओवरी. उजव्या हाताला, म्हणजे दक्षिणेकडच्या अर्ध्या भागात, कुरुक्षेत्र. डावीकडून कौरव, उजवीकडून पांडव, कडेला रांगेत शिस्तीने चालणारे सैनिक आणि मध्याकडे येता येता गुंतागुंत. शरपंजरी भीष्म सापडतात का बघा. अर्जुनाच्या रथावरचा सारथी चार हातांचा आहे. उत्तरेकडच्या अर्ध्या भागात लंकेचं युद्ध: हनुमानाच्या खांद्यावर उभा राहून बाण सोडणारा राम आणि दहा तोंडांचा, वीस हातांचा रावण. वानर राक्षसांना चावताहेत, ओरबाडताहेत. लहान मुलांना घेऊन गेलात तर इथून हलणार नाहीत.

दक्षिणेकडे एका पटात खुद्द सूर्यवर्मन राजा छत्रांच्या गर्दीत बसलेला दिसतो, पुढच्यात यमाचा दरबार. रेड्यावर बसलेला यम, हिशेब सांगणारा चित्रगुप्त, आणि एका दारातून खाली ढकलली जाणारी माणसं. नरकातल्या शिक्षा कोरताना कारागिरांना जो उत्साह आला आहे तो स्वर्ग कोरताना आलेला नाही. उत्तरेच्या ओवरीतलं काम बरंच नंतरचं, सोळाव्या शतकातलं, आणि हात उतरलेला आहे हे सहज कळतं. वेळ कमी असेल तर ती बाजू सोडा.

हे देऊळ हिंदू की बौद्ध? नमस्कार, पूजा चालते का?

बांधलं विष्णूसाठी, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात. आज ते बौद्ध आहे आणि जिवंत आहे. पश्चिम गोपुराच्या दक्षिण भागात आठ हातांची विष्णूची उभी मूर्ती आहे, पुरुषभर उंचीच्या कितीतरी वर. अंगावर भगवं-पिवळं रेशीम, पुढे उदबत्त्यांचा धूर. गावातले लोक तिला 'ता रीच' म्हणून नवस बोलतात. लग्न झालेली जोडपी येऊन पाया पडतात. तुम्हीही चपला काढून नमस्कार करा, कोणी अडवणार नाही.

'आपली देवळं यांनी बळकावली' किंवा 'आपल्या राजांनी इथे येऊन बांधली' अशी वाक्यं गटातल्या एखाद्या काकांच्या तोंडून हमखास ऐकू येतात. राजे ख्मेर होते, कारागीर ख्मेर होते; देव, कथा आणि संस्कृत शिलालेखांची भाषा भारतातून गेली. जयवर्मन सातव्यानंतर तेराव्या शतकात बौद्ध मूर्तींची मोडतोडही झाली. बायोन, ता प्रोम, प्रेह खानमध्ये कोनाड्यांतल्या बुद्धाच्या आकृती नुसत्या तासून काढलेल्या दिसतात, काही ठिकाणी तर त्यांचे दाढीवाले ऋषी केलेले आहेत. पुढे थेरवाद बौद्ध धर्म रुजला तो आजतागायत.

बांतेय स्रेई लांब आहे, वगळलं तर?

नका वगळू. एका दिवसापेक्षा जास्त वेळ असेल, तर अंगकोर वाटनंतर दुसरं देऊळ हेच असावं. शहरापासून पस्तीस-चाळीस किलोमीटर, टुकटुकने तासभर, वाटेत ताडाच्या गुळाच्या कढया उकळत असतात. देऊळ इतकं छोटं की मधल्या गाभाऱ्याचं दार जेमतेम कमरेएवढं. राजाने बांधलेलं नाही, यज्ञवराह नावाच्या त्याच्या विद्वान मंत्र्याने बांधलं. गुलाबी वालुकाश्म इतका बारीक कोरला आहे की चंदनाचं लाकूड वाटावं.

वेरूळच्या कैलास लेण्याच्या दक्षिण अंगाला कैलास हलवणारा रावण आठवतो ना? तोच प्रसंग इथे दक्षिणेकडच्या, 'ग्रंथालय' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छोट्या इमारतीच्या पूर्व दर्शनी त्रिकोणावर आहे. वेरूळला रावण अंधारात, खोल खाली, अंगात रग भरलेला. इथे पर्वत पायऱ्यापायऱ्यांचा आहे, त्यावर घाबरलेले प्राणी, ऋषी, आणि पार्वती शंकराला बिलगलेली. त्याच इमारतीच्या मागच्या बाजूला मदनदहन. समोरच्या ग्रंथालयावर खांडववनावर पाऊस पाडणारा इंद्र आणि त्याला बाणांनी अडवणारे कृष्णार्जुन. पावसाच्या रेघा तिरप्या कोरल्या आहेत. दुसऱ्या बाजूला कंसवध.

साडेसातला उघडतं. उघडायच्या वेळेला पोचा, दहाला बसगाड्या येतात.

वेरूळ-अजिंठा पाहिलेल्याला इथे नवीन काय?

वेरूळला डोंगर कोरून काढला, इथे सपाट भाताच्या प्रदेशात डोंगर रचला. दगड नॉम कुलेनच्या पायथ्याच्या खाणींतून आणले. त्या दगडांवर अंगठ्याएवढी गोल भोकं दिसतात, उचलताना खुंट्या ठोकण्यासाठी पाडलेली. ख्मेर गवंड्यांनी खरी कमान वापरली नाही, दगड एकेक पुढे सरकवत वर मिटवले. म्हणून ओवऱ्या लांब पण अरुंद, आणि इतक्या अवाढव्य देवळात प्रशस्त सभामंडप कुठेही नाही.

रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या लोकांना आणखी एक गंमत: वरचा वालुकाश्म निखळला आहे तिथे आतून चक्क जांभा दिसतो. पाया, तटबंदी, कुंपणाच्या भिंती जांभ्याच्याच. तोच लालसर, भोकाभोकांचा चिरा.

झाडं उगवलेलं देऊळ कोणतं?

ता प्रोम. जयवर्मनने 1186 मध्ये आईच्या स्मरणार्थ बांधलं. इथल्या शिलालेखात देवळाशी जोडलेल्या 12,640 माणसांचा हिशेब आहे, त्यात 615 नर्तकी. आज हे शांत जंगल वाटतं, तेव्हा ते गजबजलेलं गाव होतं. मुळं छतावरून वितळल्यासारखी खाली आली आहेत. झाड काढलं तर भिंत पडते आणि ठेवलं तरी कधीतरी पडते, अशी पंचाईत. ही पंचाईत सांभाळत देवळाची डागडुजी करण्याचं काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग गेली दोन दशकं करत आहे. याच विभागाने 1986 ते 1993 या काळात, बाकी देश यायला कचरत होते तेव्हा, अंगकोर वाटची डागडुजी केली होती. त्या वेळच्या रासायनिक सफाईवर पुढे टीकाही झाली.

प्रसिद्ध झाडापुढे फोटोसाठी रांग लागते. तेवढा वेळ प्रेह खानला द्या, तिथेही अशी झाडं आहेत आणि माणूस तुरळक.

बायोनच्या शिखरांवरचे दगडी चेहरे कोणाचे?

लोकेश्वर या बोधिसत्त्वाचे की खुद्द जयवर्मन राजाचे, यावर अजून वाद चालतो. तो सोडून खाली उतरा आणि बाहेरची ओवरी बघा: कोंबड्यांची झुंज, मासळीबाजार, शिजत घातलेलं डुक्कर, बाळंत होणारी बाई, चाम लोकांशी होड्यांतून चाललेली लढाई. आठशे वर्षांपूर्वीचा बाजार इतका ओळखीचा वाटतो की बाहेर पडल्यावर शहरातल्या मंडईत एक चक्कर मारावीशी वाटते.

गाईड घ्यावा का?

एक दिवस घ्या, तिसऱ्या दिवशी. रामायण-महाभारत तुम्हाला येतं, पण जयवर्मन, चाम युद्धं आणि ख्मेर रूजनंतर घर सावरलेल्या माणसांच्या गोष्टी त्यांच्याच तोंडून ऐकाव्यात. परवानाधारक गाईड गणवेशात आणि बिल्ला लावून असतात. इंग्रजी बोलणाऱ्याचे दिवसाचे 35-40 डॉलर धरा.

कपडे?

खांदे आणि गुडघे झाकलेले. अंगकोर वाटच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, ज्याला बाकान म्हणतात, याशिवाय सोडतच नाहीत, आणि वरून ओढणी घेतलेली चालत नाही. सुती कुर्ता-पायजमा, सैल पँट उत्तम. भिक्खूंना बायकांनी स्पर्श करू नये, फोटो काढण्याआधी विचारावं.

सत्तरीचे आईबाबा आणि लहान मुलं बरोबर आहेत. जमेल?

जमेल, शिखरं सोडून. बाकानचा जिना अतिशय उभा आहे. बारा वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना तिथे तसंही सोडत नाहीत. बौद्ध उपासनेच्या दिवशी तो बंदही असतो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी ओवऱ्या, बांतेय स्रेई आणि बायोनची खालची ओवरी भरपूर आहेत. प्रे रूपच्या पायऱ्या मात्र टाळाव्यात. टुकटुकऐवजी वातानुकूलित गाडी घ्या आणि दुपारी बारा ते तीन खोलीवरच थांबा, हा नियम मोडू नका.

शाकाहारी माणसाचं कसं होणार?

सिएम रीपमध्ये उपाशी कोणी राहत नाही. भारतीय हॉटेलं आहेत, बौद्ध पद्धतीची निव्वळ शाकाहारी ठिकाणंही आहेत. अडचण साध्या ख्मेर खानावळीत येते. 'मांस नको' सांगितलं तरी भाजीत माशाचा सॉस किंवा प्राहोक, म्हणजे आंबवलेल्या माशांचा लगदा, असतोच. त्यांच्या लेखी ते मीठ-मसाल्यात जमा. म्हणून मासा, सॉस, अंडं वेगवेगळं नाव घेऊन नाही म्हणा, फोनवर ख्मेर लिपीत वाक्य दाखवा. कडक जैन आहार असेल तर ठेपले आणि चिवडा बरोबर न्याच.

मासे खाणाऱ्यांनी मात्र आमोक सोडू नये. नारळाच्या दुधात, केळीच्या पानात वाफवलेला मासा.

पैसे कोणते न्यायचे, खर्च किती?

अमेरिकन डॉलर, छोट्या नोटा आणि कोऱ्या करकरीत. टोकाला जराशी फाटलेली, शाई लागलेली नोट दुकानदार परत करतात. सुट्टे पैसे रिएलमध्ये मिळतात, डॉलरला साधारण चार हजार. विमान आणि व्हिसा सोडला तर बऱ्यापैकी हॉटेलची खोली 25 ते 50 डॉलर, दिवसभराचं टुकटुक 15 ते 25 (बांतेय स्रेईला जास्त), बाहेर जेवण चार ते आठ. सगळ्यात मोठा खर्च विमानाचाच. टुकटुक सरळ तीन दिवसांसाठी एकाच माणसाशी ठरवा. घासाघीस सुरुवातीलाच करा, नंतर नाही.

सुरक्षित आहे का? भूसुरुंगांचं ऐकलंय. आणि सीमेवरची भांडणं?

पर्यटक जातात त्या देवळांच्या परिसरातून सुरुंग काढून झाले आहेत. दूरच्या, जंगलातल्या देवळांपाशी मळलेली वाट सोडायची नाही, लघवीसाठीसुद्धा.

थायलंड-कंबोडिया सीमेवर 2025 मध्ये मोठ्या चकमकी झाल्या आणि जमिनीवरचे नाके बंद झाले. सिएम रीप सीमेपासून लांब आहे. पण बँकॉकहून बसने जायचा बेत करू नका आणि सीमेवरचं प्रेह विहारचं देऊळ या खेपेला यादीतून काढा. निघण्याआधी भारतीय दूतावासाची सूचना वाचा, प्रवास विमा घ्या. डास भरपूर, डेंग्यू असतो, मलम लावा.

एक दिवस जास्त मिळाला तर?

दगडांचा कंटाळा नसेल तर को केर: 928 ते 944 ही सोळा वर्षं राजधानी तिथे होती, सात टप्प्यांचा पिरॅमिड आहे, 2023 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. वेगळं तिकीट लागतं. वाटेत बेंग मिलिया, पडझड झालेलं आणि त्यामुळेच सुंदर. ते आता अंगकोरच्या पासमध्ये येतं. दोन्ही मिळून गाडीने पूर्ण दिवस.

कंटाळा आला असेल तर तोन्ले साप तळं. पावसाळ्यात ते कितीतरी पटींनी पसरतं आणि उंच खांबांवरची घरं पाण्याला टेकतात. उन्हाळ्याच्या अखेरीस गेलात तर मात्र चिखल. होडीवाला 'अनाथ मुलांसाठी तांदूळ घ्या' म्हणून दुकानाशी थांबवतो. ते पोतं बऱ्याचदा फिरून त्याच दुकानात येतं. अनाथाश्रम हे बघायचं ठिकाण नव्हे, तिथे जाऊच नका.

परतीचं विमान राजधानी नॉम पेन्हहून आहे. तिथे काय?

रस्त्याने पाच-सहा तास. राजवाड्याशेजारचं राष्ट्रीय संग्रहालय अर्धा दिवस खातं, कारण देवळांतल्या चांगल्या मूर्ती तिथे आणून ठेवल्या आहेत. संबोर इथे सापडलेला एक साधासा शिलालेख जरूर शोधा. त्यावर कृष्ण पक्षातल्या पंचमीचा उल्लेख आहे आणि शके 605 हे वर्ष अंकांत कोरलं आहे, मधलं शून्य ठिपक्याने. इसवी सन 683. आजवर सापडलेल्या सर्वांत जुन्या शून्यांपैकी ते एक, आणि कालगणना आपल्या पंचांगातलीच. संग्रहालयाचं तिकीट वेगळं. आत फोटोचे नियम बदलतात, दारातच विचारून घ्या.